तुम्हालाच सांगते म्हणून

बसथांब्यासमोर डोंगरवाटांचं माहिती केंद्र आहे. त्याला रस्त्याच्या बाजूला एक काचेची खिडकी आहे आणि त्या खिडकीमागे कित्येक वर्षं एकच बाई बसते. तिचं खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. बाकी सगळे तिला खिडकीताई म्हणतात. केंद्राचे साहेब म्हणतात, बसचे ड्रायव्हर म्हणतात, समोरचा चहावाला तर हाकच अशी मारतो की अर्ध्या थांब्याला ऐकू जावी. खिडकीताईंची त्याला काही हरकत नाही. उलट बाजारात कुणी खऱ्या नावानं हाक मारली, तर त्या मागे वळूनही बघत नाहीत.

काम सोपं होतं. डोंगरात चालायला आलेल्या माणसांना कुठे जावं ते सांगायचं. देशात डोंगरांना काही तोटा नव्हता, मान वर करावी तिकडे डोंगरच. पण येणारा प्रत्येक जण तीनच वाटांची नावं ऐकून आलेला असायचा. झुलत्या पुलाची वाट, तीन तळ्यांची वाट आणि मोठ्या शिखराच्या पायथ्याची वाट. पुलावर फोटो काढायला रांग लागायची आणि रांगेत भांडणं व्हायची. तळ्याकाठी तंबूला जागा मिळावी म्हणून लोक एकमेकांच्या आधी उठायचे. पायथ्याच्या वाटेवर तर पुढच्याच्या बुटाची टाच बघतच चालावं लागायचं, शिखर बघायला मान वर केली की मागचा अंगावर आदळायचा. मग तिथून वैतागून परत आलेला माणूस खिडकीशी वाकून विचारायचा, "गर्दी नाही असं काही आहे का हो?"

या प्रश्नासाठीच खिडकीताईंच्या मागच्या भिंतीवर एक मोठा नकाशा होता. जिथे गर्दी तिथे लाल टाचणी, जिथे शांत तिथे हिरवी. दर सोमवारी सकाळी डोंगराकडच्या बसचे ड्रायव्हर चहा प्यायला आत यायचे, आपापल्या मार्गावर किती माणसं उतरली ते सांगायचे आणि खिडकीताई खुर्चीवर चढून टाचण्या बदलायच्या. या आठवड्यात हिरवी असलेली वाट पुढच्या आठवड्यात लाल व्हायची, कारण हिरवी बघून सगळे तिकडेच पळायचे. ड्रायव्हरांची यावर पैज लागायची.

एकच टाचणी कधी हलली नाही. कड्यामागच्या खोऱ्याची. ती इतकी वर्षं हिरवी होती की तिचा हिरवा रंगही विटून गेला होता.

ते खिडकीताईंचं माहेर होतं. आई-वडील गेल्यावर तिथे त्यांचा धाकटा भाऊ आणि भावजय राहात होती. चालणाऱ्यांना मुक्कामाला देता येईल असं अख्ख्या खोऱ्यात तेवढं एकच घर. वर खाटा टाकलेल्या खोल्या, खाली मोठं स्वयंपाकघर, अंगणात झरा आणि फाटकावर भावाने हौसेनं रंगवून घेतलेली लांबलचक पाटी. 'मुक्काम, जेवण, गरम पाणी.' पाटी छान होती. वाचायला माणूस नव्हता.

आणि याला थोड्याफार खिडकीताईच जबाबदार होत्या. केंद्रात एक नियम होता, खिडकीतून आपल्या माणसाचं दुकान दाखवायचं नाही. पूर्वी एका कारकुनानं येईल त्या प्रत्येकाला आपल्या जावयाच्या खाणावळीत धाडलं होतं आणि त्यावरून बराच बोभाटा झाला होता. खिडकीताई नियमाच्या पक्क्या. त्या नियमाच्याही दोन पावलं पुढे गेल्या. भावाचं घर सोडाच, खोऱ्याचं नावसुद्धा कधी तोंडातून काढलं नाही. कुणी शांत जागा विचारली की त्या बरोबर त्याच्या खालच्या नंबरची शांत जागा सांगायच्या. उगाच कुणी बोट दाखवायला नको.

भाऊ दर रविवारी फोन करायचा. "ताई, कुणाला तरी पाठव गं," असं सुरुवातीला म्हणायचा. मग ते म्हणणंही सोडून दिलं. हवापाण्याचं बोलायचा, गप्प व्हायचा आणि त्याच्यामागे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक इकडे फोनमध्ये स्पष्ट ऐकू यायची. वडिलांच्या वेळचं घड्याळ. इतकं ऐकू यावं एवढं घर रिकामं होतं.

एका रविवारी तो नेहमीसारखं हवापाण्याचं बोलला आणि त्याच सुरात म्हणाला, "या महिन्याअखेर कुलूप लावतोय. खाली शीतगृहात काम मिळतंय. पाटी काढून ठेवलीय कालच."

"काय काढून ठेवलीस?"

"पाटी गं. पावसात भिजून वाया जायची. फळी चांगली आहे."

टिकटिक, टिकटिक. फोन ठेवल्यावर त्या स्वयंपाकघरात नुसत्याच उभ्या राहिल्या. गॅसवर दूध उतू गेलं, तेही त्यांना नवऱ्यानं येऊन सांगितलं.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या.

"दुधाचं? असू दे, पुसून टाकू."

"दुधाचं नाही हो! माझ्या प्रामाणिकपणाचं! सगळ्या देशाला वाटा दाखवत बसले आणि भावाच्या दाराची वाट मात्र मीच झाकून ठेवली."

रात्रभर कूस बदलून बदलून त्यांनी नवऱ्यालाही झोपू दिलं नाही. सोमवारी सकाळी ड्रायव्हर यायच्या आधीच त्या साहेबांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या.

"साहेब, एखाद्यानं शांत जागा विचारली आणि सगळ्यांत शांत जागेत माझा भाऊ राहात असला, तर मी काय करायचं?"

साहेब सज्जन गृहस्थ होते, पण सोमवारी सकाळी त्यांना कोडी आवडत नसत. "खोऱ्याचं नाव घ्या, घराचं घेऊ नका," ते म्हणाले. "तिथे मुक्कामाची घरं किती?"

"एकच."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मग ते डोंगरानं बघून घ्यावं, खिडकीताई. आपण काय करणार?"

बस्स! खिडकीताईंच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. त्या धावतच आपल्या खुर्चीशी गेल्या. काच पुसली. नकाशावरच्या विटक्या टाचणीच्या जागी नवी कोरी हिरवी टाचणी लावली. समोरून येणाऱ्या पहिल्या माणसाकडे त्यांनी असं काही बघितलं की तो दचकून पाठीमागे कुणी उभं आहे का ते बघायला लागला.

तो माणूस म्हणजे दातांचा डॉक्टर. बरोबर बायको होती. दोघं पुलाच्या रांगेतून परत आलेली, चेहरे उतरलेले. "दवाखान्यात दिवसभर ड्रिलची घरघर," डॉक्टर म्हणाला. "दोन दिवस कानाला आराम मिळेल असं कुठे आहे का?"

खिडकीताईंनी इकडेतिकडे पाहिलं, काचेच्या भोकाशी तोंड नेलं आणि आवाज खाली आणला. "एक जागा आहे. मी सहसा कुणाला सांगत नाही. तुम्हालाच सांगते म्हणून. कड्यामागचं खोरं. शनिवारची गाडी पकडा. तिथे तुम्ही, डोंगर आणि झऱ्याचं पाणी, चौथं कुणी असलं तर माझं नाव बदला."

डॉक्टर आणि बायको इतकी हरखली की त्यांनी आभार मानताना काचेलाच हात जोडले.

यात खिडकीताईंनी एक अक्षरही खोटं सांगितलं नव्हतं. खोरं शांत होतंच. मी सहसा कुणाला सांगत नाही, हेही खरंच होतं. घोड्यानं पेंड खाल्ली ती पुढे. दुपारी एक निवृत्त हेडमास्तरीणबाई आल्या. त्यांनाही शांतता हवी होती, तीही भरपूर, कारण पोरांच्या चाळीसेक वर्षांच्या कलकलाटानंतर त्यांना पुस्तक घेऊन झाडाखाली बसायचं होतं. खिडकीताईंनी पुन्हा इकडेतिकडे पाहिलं. "तुम्हालाच सांगते म्हणून," त्या म्हणाल्या. मंगळवारी पाखरांचे आवाज ध्वनिमुद्रित करणारा एक दाढीवाला आला. त्याच्या पाठीवर माणसाएवढा माइक होता. "मला मोटार नको, विमान नको, माणसाचं खोकणंसुद्धा नको," तो म्हणाला. "तुम्हालाच सांगते म्हणून," खिडकीताई म्हणाल्या. बुधवारी एक कुटुंब आलं, गुरुवारी दोन परिचारिका, शुक्रवारी नुकतंच लग्न झालेलं जोडपं. प्रत्येक वेळी खिडकीताई आवाज खाली आणायच्या, आणि गंमत म्हणजे त्या त्या क्षणी त्यांना अगदी मनापासून वाटायचं की आपण याच माणसाला सांगतोय. एकदा गुपित सांगण्याची गोडी लागली की माणसाला आकडे दिसत नाहीत. त्यातून तो जोडून आलेल्या सुट्ट्यांचा आठवडा होता.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी भावाला फोन केला. "उद्या मी येतेय. सूप जरा जास्त कर."

"किती जास्त?"

"जरा," त्या म्हणाल्या आणि पुढचं बोलायच्या आत फोन ठेवला, कारण त्यांना हसू फुटत होतं.

शनिवारी सकाळी त्या थांब्यावर आल्या आणि त्यांचं हसू जिथल्या तिथे विरलं. कड्याच्या बससमोर रांग होती. त्या बससमोर रांग ही गोष्टच कुणी कधी पाहिली नव्हती. डॉक्टर होता, डॉक्टरची बायको होती. हेडमास्तरीणबाई काखेत पुस्तक मारून उभ्या होत्या. दाढीवाला माइकला कुणाचा धक्का लागू नये म्हणून दोन्ही हात पसरून उभा होता. मागे परिचारिका, कुटुंब, नवं जोडपं, आणखी कोण कोण. सगळे एकमेकांकडे संशयानं बघत होते. अजून कुणी कुणाशी बोललं नव्हतं, म्हणून बिंग फुटलं नव्हतं.

खिडकीताईंनी स्कार्फ नाकापर्यंत ओढून घेतला आणि त्या मागच्या दारानं चढून शेवटच्या बाकावर अंग चोरून बसल्या. काचेमागची बाई काचेबाहेर कुणी ओळखणार नाही, असा त्यांचा अंदाज होता. अंदाज बरोबरही ठरला असता. पण ड्रायव्हर होता ना! त्यानं आरशात पाहिलं आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "काय खिडकीताई! आज तुमची सगळी गिऱ्हाइकं एकाच गाडीत? मी पैज हरलो की हो!"

सगळ्या माना एकदम मागे वळल्या.

"तुम्ही?" डॉक्टर उभाच राहिला. "तुम्ही तर म्हणालात, फक्त आम्हालाच सांगताय!"

"आम्हाला पण तेच सांगितलं!" एक परिचारिका म्हणाली.

"मला म्हणाल्या, माणसाचं खोकणं ऐकू येणार नाही," दाढीवाला म्हणाला आणि नेमका तेव्हाच पुढचा एक जण खोकला.

मग जो गलका झाला तो विचारू नका. बस घाट चढत होती आणि आत प्रत्येक जण आपल्याला कोणत्या दिवशी, किती खालच्या आवाजात सांगितलं गेलं ते दुसऱ्याला सांगत होता. शेवटी हेडमास्तरीणबाईंनी पुस्तकानं बाकावर दोनदा थाप मारली. सवयीनं सगळे गप्प बसले, ड्रायव्हरसुद्धा. "उत्तर द्या," बाई खिडकीताईंना म्हणाल्या.

खिडकीताईंनी नाकावरचा स्कार्फ खाली ओढला. "तिथे माझा भाऊ राहतो," त्या म्हणाल्या. "त्याच्याकडे वर्षानुवर्षं कुणी येत नाही. तो घर बंद करायला निघालाय. आणि मी तुम्हाला जे सांगितलं ते एकेकाला सांगितलं तेव्हा खरंच होतं हो. सगळ्यांना मिळून खोटं झालं."

डॉक्टरच्या बायकोच्या तोंडून फस्सकन हसू बाहेर पडलं आणि तिनं ते रुमालात दाबलं. डॉक्टर मात्र घुश्शातच होता. "उद्या सकाळच्या गाडीनं आम्ही परत," तो म्हणाला. "आणि केंद्राच्या साहेबांना भेटणार." दाढीवाल्यानं मान डोलावली. खिडकीताई मनात हिशेब करायला लागल्या. स्वतःचं काय व्हायचं ते होईल, पण ही माणसं उद्या परत गेली आणि जिकडेतिकडे सांगत सुटली की खोऱ्यात गर्दी आणि फसवणूक, तर भावाचं घर उरलंसुरलंही बुडणार होतं. बुडवणाऱ्या आपणच.

थांब्यापासून घर जवळच होतं. भाऊ अंगणात लाकडं फोडत होता. वाटेनं माणसांची रांग येताना पाहून त्याच्या हातातली कुऱ्हाड तशीच राहिली.

"काय झालं? गाडी बंद पडली का?" तो धावत पुढे आला. "कुणाला लागलं तर नाही ना?"

"नाही रे."

"मग एवढी माणसं?"

"तुझ्याकडे आलीत."

त्याला ते कळेचना. त्यानं रांगेमागे, रस्त्याकडे, पुन्हा बहिणीकडे पाहिलं. मग घराकडे तोंड करून इतक्या जोरात बायकोला हाक मारली की दाढीवाल्यानं कानांवर हात ठेवले.

भावजय बाहेर आली, तिनं माणसं मोजली आणि पदराला हात पुसत नणंदेकडे बघितलं. "ताई, तुम्ही 'जरा' म्हणाला होतात."

त्या दिवशी जी तारांबळ उडाली तिला तोड नव्हती. बटाटे सोलायला परिचारिका बसल्या. नव्या जोडप्यानं उशांना अभ्रे घातले, तेही भांडत भांडत. खाटा पुरल्या, ताटं कशीबशी पुरली, पण जेवायला बसायला टेबल पुरेना. तेव्हा भाऊ गोठ्यामागे गेला आणि काढून ठेवलेली ती लांबलचक पाटी डोक्यावर घेऊन आला. दोन पिंपांवर ती आडवी टाकली. अक्षरं वरच्या बाजूला आली आणि डॉक्टरचं सूप 'गरम पाणी' या शब्दांवर ठेवलं गेलं. डॉक्टर ते वाचून हसला नाही, पण सूप दोनदा घेतलं. हे खिडकीताईंनी नीट पाहून ठेवलं.

सकाळी त्यांना सगळ्यांच्या आधी जाग आली. त्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. उजाडत होतं. झऱ्याचा आवाज तोच, कडा तोच, आणि कड्याखालून निघणाऱ्या वाटा बघता बघता त्यांना आई आठवली. लहानपणी या दोघा बहीणभावांचं आणि चुलत भावंडांचं क्षणभर पटायचं नाही. सरपणाला एकत्र पाठवलं की सगळी एकमेकांचे केस उपटून परत यायची. म्हणून आईनं युक्ती काढली होती. प्रत्येकाला वेगळी वाट आणि वेगळी वेळ. एक झऱ्याच्या वाटेनं, एक शेळ्यांच्या वाटेनं, एक पूर्वी मीठ वाहून आणायचे त्या मिठाच्या वाटेनं. जेवायला सगळी एका ताटाभोवती, पण तोवर कुणाला कुणी दिसायचं नाही. प्रत्येकाला वाटायचं की डोंगर आपल्या एकट्याचाच आहे.

खिडकीताईंनी कपाळावर हात मारून घेतला. इतकी वर्षं त्या लोकांना कुठे जायचं तेवढंच सांगत होत्या. किती वाजता निघायचं आणि कोणत्या वाटेनं, हे कधी कुणाला सांगितलंच नव्हतं!

"उठा!" त्यांनी जिन्यातूनच हाक दिली. "सगळे अंगणात या! गाडीला अजून वेळ आहे. मला एक संधी द्या, मग खुशाल साहेबांकडे जा."

लोक जांभया देत जमले. खिडकीताई झऱ्याकाठच्या दगडावर चढल्या आणि बोटानं डोंगर वाटायला लागल्या. "दाढीवाले, तुम्ही आत्ता लगेच निघा, पाखरं उठायच्या आत. शेळ्यांची वाट. हेडमास्तरीणबाई, तुम्ही ऊन आल्यावर, झऱ्याच्या वाटेनं. डॉक्टर, तुम्ही दोघं मिठाच्या वाटेनं, सरळ खिंडीपर्यंत."

"ए ताई!" भाऊ एकदम ओरडला. "वेड लागलं का? मिठाची वाट दरड कोसळून बंद झाली त्याला किती वर्षं झाली! खिंडीपर्यंत जातील आणि तिथे अडकून बसतील!"

खिडकीताईंचं बोट हवेतच राहिलं. खरंच, त्या वाटेनं त्या कधी शेवटच्या गेल्या होत्या? लग्नाआधी. बाकी सगळं नकाशावर.

"मग तू सांग," त्या दगडावरून उतरत म्हणाल्या.

"मी काय सांगू..." म्हणत तो पुढे आला. पण दगडावर चढल्यावर त्याला थांबवणं कुणाला शक्य नव्हतं. दरडीच्या अलीकडून आता नवी पायवाट फुटलीय, ती देवदारांतून जाते, तिथे डॉक्टरांनी जावं. शेळ्यांची वाट बरोबर, पण पहिल्या वळणावर डावीकडे, नाहीतर सगळा वारा माइकमध्ये जाईल. पोरंबाळं घेऊन आलेल्यांनी ओढ्यापाशी, तिथे दगडांखाली खेकडे आहेत. परिचारिकांना झोप हवी असेल तर गवताचा तो माळ, तिथे कुणी फिरकत नाही. तो हात हलवून बोलत होता, गालांवर लाली आली होती, मध्येच दगडावरून उडी मारून वाट दाखवायला चार पावलं पळत होता. भावजय दारात चहाची किटली घेऊन उभी होती ती तशीच उभी राहिली. नवऱ्याला इतकं बोलताना तिनंही फार दिवसांत ऐकलं नव्हतं. खिडकीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

अर्ध्या तासात अंगण रिकामं झालं. डोंगरानं सगळ्यांना कुठल्या कुठे सामावून घेतलं. सकाळची गाडी आली, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, पाच मिनिटं वाट पाहिली आणि तो रिकामीच गाडी घेऊन गेला.

दुपार कलल्यावर एकेक जण परत येऊ लागला आणि येतानाच बोलत येऊ लागला. डॉक्टरच्या बायकोला देवदारांत हरीण दिसलं होतं आणि ते किती जवळ होतं हे ती प्रत्येकाला वेगळं सांगत होती. हेडमास्तरीणबाईंनी पुस्तक उघडलंच नव्हतं, झाडाखाली झोपून गेल्या होत्या, त्यांच्या गालावर गवताची नक्षी उमटली होती. "दिवसभर एक माणूस दिसला नाही," डॉक्टर म्हणाला. "कमाल आहे! आपण इतके जण होतो, मग गेलो कुठे सगळे?"

दाढीवाला सगळ्यांत शेवटी आला. त्यानं कुणाशी न बोलता पाटीच्या टेबलावर यंत्र ठेवलं आणि कळ दाबली. आधी काहीच नाही. मग लांबवर पाणी. मग एक पाखरू, त्याला दुसऱ्याचं उत्तर, आणि मध्ये इतकी शांतता की पोरांनीही चमचे खाली ठेवले. सगळे एकमेकांना खेटून, खांद्याला खांदा लावून बसले होते आणि शांतता ऐकत होते. तेवढ्यात डॉक्टरला शिंक आली. ती त्यानं इतकी दाबली की त्याचा चेहरा लालबुंद झाला, आणि शेवटी ती बाहेर पडलीच. दाढीवाल्यासकट सगळे पोट धरधरून हसले.

साहेबांना भेटायला त्यांतलं कुणीच गेलं नाही. पण पुढच्या सोमवारी ड्रायव्हर चहाला आला तेव्हा खोऱ्याच्या टाचणीवरून मोठा वाद झाला. तो म्हणे लाल लावा, माझी गाडी भरलेली होती. खिडकीताई म्हणाल्या हिरवीच राहील, उतरल्यावर कुणाला कुणी दिसलं नाही. साहेबांनी मध्ये पडायचं नाकारलं. त्या दिवसापासून खिडकीशी वाकून कुणी "गर्दी नाही असं काही आहे का हो?" विचारलं, की खिडकीताई आधी त्यालाच विचारतात, "सकाळी किती वाजता उठता?" आणि उशिरा उठणाऱ्यालाही त्यांच्याकडे एक वाट असते. झुलत्या पुलावरही भर दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, कुणी नसतं म्हणे. हे त्यांनी स्वतः जाऊन पाहून ठेवलं आहे. आता त्या नकाशावर तेवढा विश्वास ठेवत नाहीत.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मात्र त्यांचं कामात लक्ष नव्हतं. भावानं कुलपाचा विषय पुन्हा काढला नव्हता आणि विचारायचा त्यांना धीर होत नव्हता. मधल्या रविवारी त्याचा फोनही आला नव्हता. दुपारी टेबलावरचा फोन वाजला.

"ताई," भाऊ ओरडूनच बोलत होता. "ऐकू येतंय का? अगं, बास आता. या आठवड्यात कुणाला पाठवू नकोस. जागा नाही!"

"आणि कुलूप?"

"काय? मोठ्यानं बोल!"

"कुलूप रे!"

"कुलूप कुठलं घेऊन बसलीस! ते नंतर बोलू. हे बघ, पाटी बनवणाऱ्याकडे जाऊन ये माझ्यासाठी. नवी करायला सांग, तशीच लांब. जुनी फाटकावर लावता येत नाही, तिच्यावर माणसं जेवतायत." मग तो तिकडे कुणाला तरी म्हणाला, "आलो, आलो, गरम पाणी देतो," आणि फोन बाजूला ठेवून गेला. बंद करायचा विसरला होता.

खिडकीशी एक माणूस येऊन उभा राहिला. त्यानं काचेवर टकटक केली. खिडकीताईंनी त्याला हातानं थांबायची खूण केली आणि रिसीव्हर कानाशी आणखी घट्ट धरला. तिकडे भांडी वाजत होती, कुणीतरी जिन्यावरून धडधडत उतरत होतं, एक मूल रडत होतं, भावजय मोठ्यानं हसत होती. त्या कितीतरी वेळ कान देऊन ऐकत राहिल्या. घड्याळाची टिकटिक काही ऐकू आली नाही.